परक्या धनाचें औदार्य : विल्यम राल्स्टन

सॅन फ्रॅन्सिस्को शहराच्या वैभवाचा इतिहास लिहावयाचा तर विल्यम चॅपमन राल्स्टन याचें नांव वगळतां येत नाहीं. आणि पेढीवाल्यानें काय करूं नये हें सांगावयाचें तरीही तेंच नांव घ्यावें लागतें. या दोन गोष्टी एकाच चरित्रांत कशा सामावल्या, हें पाहणें आम्हांस उद्बोधक वाटतें.

राल्स्टन १८२६ सालीं ओहायो प्रांतांत जन्मला. मिसिसिपी नदीवरील आगबोटींवर नोकरी करून तो पनामामार्गें कॅलिफोर्नियांत आला, व १८६४ सालीं डेरियस मिल्स यास अध्यक्ष करून त्यानें 'बँक ऑफ कॅलिफोर्निया' स्थापिली. नेव्हाडांतील कॉमस्टॉक येथें १८५९ सालीं रुप्याच्या खाणी सांपडल्या होत्या. तेथें बँकेचा प्रतिनिधि विल्यम शॅरन हा खनिज दळणाऱ्या गिरण्यांस दरमहा दोन टक्के व्याजानें कर्ज देई. इतर सावकारांहून हा दर हलका, म्हणून ऋणको धांवत आले. पुढें खाणींचें उत्पन्न आटलें, व्याज थकलें आणि गिरण्या एकामागून एक बँकेच्या कबजांत गेल्या. बँकेच्याच मंडळींनीं १८६७ सालीं त्या चालविण्यास निराळी कंपनी काढली. १८६९ सालीं खनिज वाहण्यास आगगाडीचा रस्ताही बांधावयास घेतला. कर्ज, दळण आणि वाहतूक एकाच मुठींत आलीं!

राल्स्टननें शहरास नाटकगृह दिलें, कारखाने दिले, आणि शेवटीं सुमारें पन्नास लाख डॉलर खर्चाचें पॅलेस हॉटेल बांधावयास काढलें. पण हा पैसा कोणाचा? मागतांक्षणीं परत द्यावयाची ठेव विटांत आणि खाणींच्या शेअरांत अडकली. १८७३ सालीं कॉमस्टॉकचें सर्वांत मोठें घबाड लागलें, तें मॅके, फेअर आदि प्रतिस्पर्ध्यांस. शहरास पाणी पुरविणारी कंपनी घेऊन ती शहरालाच विकण्याचा बेतही फसला. २६ ऑगस्ट १८७५ रोजीं ठेवीदारांची झुंबड उडाली व बँकेचीं दारें मिटलीं. दुसऱ्या दिवशीं संचालकांनीं त्याचा राजीनामा घेतला. मालमत्ता शॅरनच्या स्वाधीन करून तो नित्याप्रमाणें उपसागरांत पोहावयास गेला, तो जिवंत परतला नाहीं. तो अपघात कीं आत्मघात, हा वाद अजून मिटलेला नाहीं.

त्याच्या प्रेतयात्रेस हजारों लोक लोटले. ऑक्टोबरांत बँक पुन्हा उघडली, हॉटेलही उघडलें. त्याचा धनी मात्र शॅरन होता.

त्या लोकांचें दुःख खोटें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. राल्स्टनचें औदार्यही खोटें नव्हतें. परंतु दात्यास आपलें धन उधळण्याचा जो अधिकार असतो, तो विश्वस्तास नाहीं. १९०६ सालच्या भूकंपानंतरच्या आगींत तें हॉटेल जळालें. ठेवीदारांच्या विश्वासास आग लागली ती त्यापूर्वीं एकतीस वर्षें.