उतारापलीकडचा रुपया

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यात धुऱ्यावर उभे राहा आणि आधी समोरचं सोयाबीन पुसून टाका. ते अलीकडच्या काही दशकांतलं. त्याजागी कपाशी आणि ज्वारी येऊ द्या. विजेचे खांब गेले, डांबर गेलं. काळी माती तीच, तिच्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा खडकही तोच. फसली सन 1345, महिना इस्फंदार. पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात या दिवसांना जानेवारी 1936 म्हणतात.

तुम्ही काकांच्या गाडीत वाशीमहून परत येताय. कापूस तिकडं विकला आणि त्याच पैशात लग्नाचा बस्ता घेतला. नदीच्या उतारात बैल थांबतात, पाणी पितात. काका घाई करत नाहीत. अलीकडच्या काठापासून निजामाचं राज्य सुरू होतं आणि राज्याआधी लागतो करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका.

"क्या है गठडी में? खोलो."

"लेकीचं लगीन हाय साहेब, बस्ता हाय."

बस्ता सुटतो. वरमाईचं पातळ, मानाचे खण, धोतरजोड्या एकेक करून सतरंजीवर येतात. कारकून नवरीच्या शालूच्या काठावरून बोट फिरवतो आणि मनातल्या मनात किंमत वाढवतो. काका ती तोंडी कमी करतात. शेवटी शेकडा पाचाच्या हिशेबानं जकात ठरते. कमरेच्या कशातून निघणाऱ्या नाण्यांकडं नीट बघा. पंचम जॉर्जचा मुखडा असलेले कलदार रुपये काका आत ढकलतात आणि चारमिनारवाले हाली शिक्के मोजून देतात. सहा कलदारचे सात हाली होतात, हे शाळेचं तोंड न पाहिलेल्या काकांना पाठ आहे. उर्दूतली पावती मात्र ते न वाचताच टोपीत खोचतात.

ही हद्द आखली कुणी? त्यासाठी 1853 गाठा आणि हिंगोलीत या. पलटण, रिसाला, तोफखाना: आज मोहल्ल्यांची नावं वाटतात, तेव्हा तिथं खरोखर घोडे आणि तोफा आहेत. ही हैदराबाद कंटिंजंटची छावणी. अंमलदार इंग्रज, खर्च निजामाचा. पगार थकला, कर्ज चढलं, तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात मे महिन्यात तह झाला आणि निजाम नासिरुद्दौलानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिला. शिपायांच्या पगारापायी नदीची सरहद्द झाली! गंमत म्हणजे पुढे 1903 मध्ये ती फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळून गेली. नाके राहिले.

आणखी मागं, तेराव्या शतकात गेलात, तर इथं नदीच्या दोन्ही काठांवर देवगिरीच्या यादवांचं राज्य आहे. कयाधूकाठच्या नरसीत जन्मले असं परंपरा सांगते, ते नामदेव पुढे पार पंजाबातल्या घुमानपर्यंत गेले.

आता परत फिरा, पण 1948 ला घाई करू नका. निजामसमर्थक रझाकारांच्या धाकानं माणसं रात्री त्याच पैनगंगेपलीकडं सरकताहेत. तिकडं उमरखेडसारख्या ठिकाणी स्टेट काँग्रेसचे कॅम्प आहेत आणि तिथली पोरं करोडगिरीच्या नाक्यांवर छापे घालताहेत. काकांना त्या छाप्यांचं फारसं वाईट वाटलं नसावं. 13 सप्टेंबरला भारताच्या फौजा शिरल्या, 17 तारखेला निजामानं शरणागती पत्करली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी अलीकडचा मराठवाडा आणि पलीकडचा विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले: तहानंतर एकशे तीन वर्षांनी.

साखरा 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यात, मग हिंगोलीत. हाली-कलदारची मोड कधीच संपली. पण शेताच्या वादात अपील उच्च न्यायालयापर्यंत गेलं, तर वाशीमचा शेतकरी नागपूरची गाडी पकडतो आणि साखऱ्याचा छत्रपती संभाजीनगरची. विकास मंडळं झाली तीही विदर्भाचं वेगळं, मराठवाड्याचं वेगळं, आणि अनुशेषाची बेरीजही आपापल्या काठावर झाली. बस्ता बांधायला लोक अजूनही वाशीमला जातात. आता गाठोडं कुणी सोडायला लावत नाही.