साडेपाचचं लेक्चर

आमच्या बुलडाणा जिल्ह्यातून शिकायला बाहेर पडणं म्हणजे मलकापूर नाहीतर शेगावला जाऊन रेल्वे पकडणं. मीही इंजिनिअरिंगला तसाच गेलो. माझा चिखलीचा मामेभाऊ मात्र २०१६ साली थेट चीनला गेला, एमबीबीएसला.

जानेवारी २०२० मध्ये तो सुट्टीवर आला. २३ जानेवारीला वुहान बंद झालं आणि महिनाभराची सुट्टी अडीच वर्षं लांबली. चीनचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. तिकडचं आठचं लेक्चर म्हणजे इथे पहाटे साडेपाच! रेंजसाठी गडी स्वेटर घालून गच्चीवर. सुरुवातीला खूशही होता. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकता येतं, वर मामीच्या हातचं जेवण. पण चौथं-पाचवं वर्ष म्हणजे पेशंट बघायची वर्षं. एकदा म्हणाला, "दादा, लेक्चर तं समजते, पण पेशंटच्या पोटावर हात कसा ठेवाचा, हे मोबाईल कसा शिकवीन?"

मंडळी, आम्ही आयटीवाल्यांनी घरून काम केलं आणि वाटलं, सगळंच असं चालतं. कोड चालतो. पोट तपासणं चालत नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचंही तेच म्हणणं होतं. फक्त ऑनलाइन केलेली पदवी मान्य नाही, असं ८ फेब्रुवारी २०२२ च्या सूचनेत स्पष्ट झालं. त्याच महिन्यात युक्रेनचं युद्ध पेटलं आणि तिथली मुलंही घरी येऊन स्क्रीनसमोर बसली. शेवटी २८ जुलैला वाट निघाली: परत आलेल्या शेवटच्या वर्षाच्या ज्या विद्यार्थ्यांना ३० जून २०२२ पर्यंत पदवी मिळाली, त्यांनी इथली परीक्षा पास करायची आणि एकाऐवजी दोन वर्षं इंटर्नशिप करायची. चीनने व्हिसा पुन्हा सुरू केले ते ऑगस्टमध्ये.

मला आनंदीबाई जोशी आठवतात. अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंशी त्यांची ओळख झाली पत्रांतून. मैत्री टपालाने जमली, पण डॉक्टरकी टपालाने येणार नव्हती. म्हणून १८८३ मध्ये बोटीने गेल्या, १८८६ मध्ये एम.डी. झाल्या.

भावाने दोन्ही वर्षं एका सरकारी दवाखान्यात काढली. वाढीव वर्षाचा राग आला नाही का, असं विचारलं. म्हणाला, "आला ना दादा. पण पहिल्या पेशंटपाशी हात कापले, तवा राग गेला."

असो. पुढच्या वेळी "सगळं ऑनलाइन होतं हो" असं म्हणताना मी जरा थांबेन.