त्वेरचा व्यापारी आणि जुन्नरचा गावगाडा

पुण्याहून चाकणमार्गे जुन्नरकडे निघाले की आज दुतर्फा कारखाने लागतात. चाकणच्या संग्रामदुर्गाचे पडके अवशेष या गर्दीत शोधावे लागतात. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने हा किल्ला शायिस्तेखानाविरुद्ध लढविला, एवढे पाठ्यपुस्तकांनी आपल्याला शिकविले. त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधी, बहामनी अमदानीत, याच रस्त्याच्या टोकाला जुन्नरला एक रशियन व्यापारी पावसाळाभर अडकून पडला होता, हे मात्र शिकविले नाही.

त्याचे नाव अफानासी निकितीन, गाव त्वेर. १४७० च्या आसपास तो चौल बंदरी उतरला, तो एक घोडा विकण्याच्या आशेने. जुन्नरच्या असदखानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणाला. एका खोरासानी माणसाने रदबदली केली, म्हणून सुटला.

त्वेर हे व्होल्गाकाठचे रशियन संस्थान. मॉस्कोचे जुने प्रतिस्पर्धी. १३२७ साली तिथल्या लोकांनी तार्तार खानाच्या प्रतिनिधीविरुद्ध उठाव केला, तेव्हा तार्तारांचे सैन्य घेऊन त्वेर उद्ध्वस्त करायला आला तो मॉस्कोचाच राजा, इव्हान कलिता. पुढे खानासाठी खंडणी गोळा करण्याचे काम मॉस्कोकडे गेले. परसत्तेचा वसूलदार होऊन मोठे होण्याची ही रीत आपल्या देशमुख-देशपांड्यांना परकी वाटली नसती! सप्टेंबर १४८५ मध्ये तिसऱ्या इव्हानने त्वेरला वेढा घातला. त्याची पहिली बायको त्वेरच्याच घराण्यातली. पण सोयरीक आड आली नाही. सरदार फितले, राजा मिखाईल रात्रीतून लिथुआनियाला पळाला. निकितीनला हे पाहावे लागले नाही; परतीच्या वाटेवर, घरी पोचण्याआधीच तो वारला होता. त्याची टिपणे १४७५ साली मॉस्कोला पोचली.

त्या टिपणांत आपल्या कामाचे बरेच आहे. अमीर-उमराव चांदीच्या पालख्यांतून मिरवतात आणि खेड्यातली माणसे दरिद्री आहेत, हे या परक्याला दिसले. बिदरला लोकांशी ओळख झाल्यावर त्याने विचारपूस केली आणि इथे चौऱ्याऐंशी पंथ असून ते एकमेकांत जेवत नाहीत, सोयरीक करीत नाहीत, असे नोंदविले. ‘जात’ हा शब्द त्याच्यापाशी नव्हता, म्हणून त्याने पंथ म्हटले. पण रोटी आणि बेटी या दोन्ही खुणा त्याने अचूक हेरल्या. दरबारी तवारीखकारांना ज्यात लिहिण्यासारखे काही वाटले नाही, ते एका घोडेविक्याला वाटले.

महारांच्या बावन्न हक्कांचा संबंध परंपरा याच बिदरच्या बादशहाशी जोडते. हक्क कसले? वेस राखायची, सारा पोचवायचा, मेलेले ढोर ओढायचे आणि त्याबदली बलुत्यासाठी दारोदार उभे राहायचे. चाकणवर बहामनी, निजामशाही, भोसले, मोगल असे धनी बदलत गेले. वेसकराची काठी बापाकडून मुलाकडेच गेली.

रशियातल्या कुळाचीही पिळवणूक होतीच. १४९७ च्या मॉस्कोच्या कायद्याने त्याला मालक सोडण्यासाठी वर्षातून दोनच आठवडे दिले, पुढे तेही गेले. तरी त्याच्या स्पर्शाने कोणाचे पाणी बाटत नव्हते. ते भूदासत्व १८६१ साली कायद्याने संपले. आपल्याकडे १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले, ते मंजूर झाले नाही. महारवतने खालसा करणारा कायदा १९५८ साली झाला, तेव्हा त्वेरची गादी जाऊन ४७३ वर्षे झाली होती.