फडताळ, खोके आणि घासलेटचा डबा

घराण्याचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य प्रथम सनदा, वतनपत्रे आणि वंशावळी शोधतो. स्वयंपाकघराकडे त्याची दृष्टी सहसा जात नाही. वस्तुतः घरात माणसे किती होती, वर्षाची बेगमी कशी केली जाई, सणाला किती पाने मांडली जात, हे सनदेपेक्षा तेथील फडताळच अधिक स्पष्टपणे सांगते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपल्या जुन्या घरांतील फडताळे बहुधा बाजारातून आलेली नव्हती. दुसऱ्या कामातून उरलेल्या सामानातून आणि त्या त्या घराच्या मापाने ती घडली होती.

शब्दांवरूनही हे दिसते. संस्कृतात ‘कपाट’ म्हणजे दाराची फळी. भिंतीतल्या खणाला दार लागले आणि खणालाच ते नाव मिळाले असावे. सुटी, उचलून नेता येणारी ‘अलमारी’ मात्र पोर्तुगीजांच्या ‘आर्मारियो’वरून आलेली. वाडा बांधताना जाड भिंतीत जागा मोकळी सोडावयाची, तिला चौकट बसवावयाची आणि तुळया व तक्तपोशीतून उरलेल्या सागाच्या तुकड्यांच्या फळ्या आत टाकावयाच्या, ही ओळखीची रीत होती. दोन फळ्यांतील अंतर कोणत्याही शास्त्राने ठरत नसे. खालचा खण लोणच्याच्या सर्वांत मोठ्या बरणीएवढा उंच, वरचा तांब्या-फुलपात्रापुरता. हात सहज पोहोचेल तेथे मिसळणाचा डबा, पोहोचणार नाही तेथे सणावारांची भांडी. माप घेणारा सुतार असला तरी माप देणारी घरची बाई होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कामाला नवे सामान मिळाले. ‘गॅसलाइट’ या इंग्रजी शब्दाचे मराठीत ‘घासलेट’ झाले आणि ते तेल पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून येऊ लागले. एका डब्यात चार गॅलन, म्हणजे सुमारे अठरा लिटर तेल. असे दोन डबे एका लाकडी खोक्यात. हिंदी मुलखात या डब्याला ‘कनस्तर’ म्हणतात, आणि तिकडील आपल्या घरांतही तोच शब्द रुळला.

या रिकाम्या डब्याचे मोल किती होते, याचा एक दाखला तेलव्यापाराच्या इतिहासातच आहे. १८९२ मध्ये लंडनचे व्यापारी मार्कस सॅम्युएल यांचे ‘म्युरेक्स’ हे जहाज सुएझ कालव्यातून पूर्वेकडे गेले. त्यात रशियाचे घासलेट डब्यांऐवजी जहाजाच्या टाक्यांत भरलेले होते. डब्यांचा आणि खोक्यांचा खर्च वाचला, तेव्हा लोक आपापली भांडी घेऊन स्वस्त तेल नेतील, असा हिशेब होता. तो चुकला. पूर्वेकडील गिऱ्हाइकाला प्रतिस्पर्धी अमेरिकी कंपनीचा निळा डबा हवा होता, कारण तेल संपल्यावर त्यातून घरात लागणाऱ्या नाना वस्तू होत. अखेर सॅम्युएल यांना पत्रा पाठवून इकडेच तांबडे डबे तयार करवून घ्यावे लागले. काटकसरी घराच्या गरजेपुढे जगड्व्याळ व्यापाराला नमते घ्यावे लागले, असे हे उदाहरण आहे.

आपल्याकडे माल आडगावापर्यंत पोहोचविला तो आगगाडीने. १८७० मध्ये दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला लोहमार्गासाठी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले आणि त्याच दशकात खांडव्याहून इंदूरपर्यंत गाडी आली. मालाबरोबर खोकीही आली. त्यांच्या हलक्या लाकडाला व्यवहारात देवदारच म्हणत. त्याच्या पातळ पट्ट्यांची चौकट करावी, तिला तारेची जाळी ठोकावी, पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्या, की दुभत्याचे कपाट तयार. मांजर आणि मुंगी दोन्ही बाहेर. डब्याचे तोंड कापून, धारदार कड दुमडून, डाख देऊन कडीचे झाकण बसविले, राखेने घासून चार दिवस उन्हात ठेवले, की त्यात गहू-तांदूळ राहत. चौकोनी असल्यामुळे तो फडताळात गोल पितळी डब्यासारखी मधली जागा वाया घालवीत नसे. मग फळीचे अंतरच डब्याच्या उंचीने ठरू लागले. आजचा तेलाचा पंधरा किलोचा डबा त्याच घराण्यातला.

अमेरिकेत या विद्येला ग्रंथाचे भाग्य लाभले. लुईज ब्रिगहॅम या बाईंनी उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गन बेटावर राहताना मालाच्या खोक्यांतून घरचे सामान केले आणि १९०९ मध्ये तशा शंभर वस्तू घडविण्याचे सचित्र पुस्तक न्यूयॉर्कहून प्रसिद्ध केले. आपल्या आज्या-पणज्यांनी हेच केले. पण त्यांना ते लिहिण्याजोगे वाटले नाही, आणि बखरकारांनाही वाटले नाही.

पुढे १९३७ मध्ये डालडा आला आणि त्याचा पिवळा डबा फडताळात बसला. त्यानंतर प्लायवूड आणि सनमायका आले. आता तयार मापाची कपाटे येतात. ती स्वच्छ आहेत, सोयीची आहेत. त्यांच्याशी भांडण नाही. मात्र आता माप कारखाना ठरवितो आणि बरणीने त्यात मावावयाचे असते.

आपले जुने वाडे एकामागून एक उतरविले जात आहेत. तुळया आणि नक्षीच्या चौकटी यांना गिऱ्हाईक मिळते. स्वयंपाकघरातल्या फळ्या जळणात आणि डबे भंगारात जातात. त्यांच्याबरोबर खणाखणाची नावे आणि वापरही जातो. सर्व वस्तू जतन करणे कोणालाच शक्य नाही, पण टिपण करणे शक्य आहे. वाडा उतरविण्यापूर्वी फडताळाची लांबी, रुंदी, खोली मोजावी. कोणत्या खणात काय असे, सोवळ्याचा खण कोणता, फळी कोणत्या कामातून उरली होती, हे घरातील आजीला, आत्याला, काकूला विचारून लिहावे. एका दुपारचे हे काम आहे. ते टिपण वंशावळीच्या कागदांतच ठेवावे. वंशावळीत ज्या सुनांचे माहेरचे नावही आढळत नाही, त्यांच्या हातांची उंची निदान त्या मापांत तरी नोंदली जाईल.