कीटकांचे उड्डाण व स्नायूंचे नियंत्रण : एका प्रश्नाचा इतिहास

करवीर परिसरात गुऱ्हाळे सुरू झाली म्हणजे काहिलीभोवती माश्या घोंगावू लागतात. हात उगारताच माशी क्षणार्धात दिशा पालटते. हे दृश्य नित्याचे. पण त्यामागील स्नायूंचे कार्य उलगडण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ मारे यांनी 1869 च्या सुमारास काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर कीटकांच्या पंखांच्या रेघा उमटवून घेतल्या. घरमाशीचा पंख सेकंदास सुमारे 330 वेळा हलतो, असे त्यांना आढळले. अडचण येथेच उभी राहिली. टोळाचा पंख सेकंदास सुमारे 20 वेळा हलतो व प्रत्येक वेळी मज्जातंतूचा स्वतंत्र संदेश येतो. माशीच्या वेगाने आकुंचन पावून शिथिल होणे, तेही उड्डाणाचे बळ राखून, अशा स्नायूस दुष्करच.

केंब्रिजचे प्रिंगल यांनी 1949 मध्ये दाखविले की, माशीत संदेश व फडफड यांचा एकास एक मेळच नसतो. तिचे मोठे स्नायू पंखाला नव्हे, तर वक्षाच्या कवचाला जोडलेले असतात. एक संच आखडला की कवच विकृत होऊन दुसरा संच ताणला जातो, आणि तो ताणच त्यास आखडावयास लावतो. मज्जातंतू स्नायूला केवळ सज्ज ठेवतो.

पण असे स्वयंचलित यंत्र वळणार कसे? ते काम पंखाच्या मुळाशी असलेले चिमुकले स्नायू करतात. फळमाशीत प्रत्येक पंखास असे 12 स्नायू आहेत. बळ अत्यल्प, परंतु ते संदेशाची वेळ काटेकोर पाळतात. फडफडीच्या कोणत्या क्षणी ते आखडतात, यावर पंखाचा झोक ठरतो.

ही वेळ साधण्यास संतुलकांचे, म्हणजे मागील पंखांच्या जागी उरलेल्या गदाकृती अवयवांचे, साह्य होते. ते छाटल्यास माशीचा तोल जातो, हे डरॅम या इंग्रज धर्मोपदेशकाने अठराव्या शतकाच्या आरंभीच नोंदविले होते. त्याचा अर्थ मात्र प्रिंगल यांच्या 1948 च्या निबंधापर्यंत थांबला : शरीर वळताच संतुलकाच्या मुळाशी पडणारा ताण तेथील संवेदनाग्रे टिपतात.

मग पंख व संतुलक यांचा ताल कोण राखतो? मेंदू, हे उत्तर सहज सुचते. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील संजय साने व सहकाऱ्यांनी 2015 मध्ये दाखविले की, दोहोंना वक्षकवचातील कडाच जोडतात. ती कड कापताच ताल बिघडला. उलट, नुकत्याच मेलेल्या माशीचे कवच हलविले असता पंख व संतुलक तालात हलले.