शर्टाची मिनिटं कोणी लिहायची?

आजचा विषय आहे एक कागद. कपड्यांच्या कारखान्यात त्याला 'कॉस्टिंग शीट' म्हणतात. एका शर्टावर काय काय खर्च होणार, हे शर्ट शिवायच्या आधीच त्यावर लिहिलेलं असतं. कागद साधा आहे, पण त्यावरच्या एका रकान्यासाठी शंभराहून कितीतरी जास्त वर्षं भांडण चाललेलं आहे. आज आपण त्या रकान्याचा इतिहास पाहू.

आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी शिंप्याकडे माप दिलेलं आहे. मास्तर गळ्यात टेप अडकवून माप घ्यायचे, वहीत चार आकडे लिहायचे, कापडाचा बारीक तुकडा पावतीला टाचायचे आणि शिलाई सांगायचे. ती शिलाई कशी ठरली, हे आपण कधी विचारलं नाही. कॉलरला किती वेळ लागतो, काजांना किती, हे सगळं त्यांच्या हातात आणि डोक्यात होतं.

कारखान्यात या एका मास्तरांचे वीस-तीस तुकडे होतात. कापड बेतणारा वेगळा, कॉलर शिवणारी वेगळी, बाही जोडणारी वेगळी, काज-बटण करणारी आणखी वेगळी. मग मास्तरांच्या डोक्यातलं सगळं कागदावर आणावं लागतं. माप किती, त्यात किती फरक चालेल, इंचाला टाके किती, बटणं कोणती. त्याखाली खर्च येतो: कापड, कापताना वाया जाणारं कापड, दोरा, बटणं, लेबल, आणि शेवटी शिलाई. कापड मीटरवर मोजता येतं, बटणं गणता येतात. अडतं ते शेवटच्या रकान्यापाशी. माणसाचं काम कशानं मोजायचं?

याचं एक जुनं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात सापडतं. डिसेंबर १८८२ मध्ये तिथल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी संप केला. त्यांना नगावर मजुरी मिळे आणि मालकांनी नगाचे दर कमी केले होते. बायकांनी संघटना उभी केली आणि 'लॉग' मागितला. लॉग म्हणजे कोणत्या कपड्याला किती मजुरी, याची ठरलेली यादी. पुढच्या वर्षी अनेक मालकांनी तो मान्य केला. मान्य केलेला पाळला जाईलच असं नव्हतं, म्हणून झगडा पुढे चालू राहिला. अखेर १८९६ मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीनं कायदा करून काही धंद्यांसाठी वेतन मंडळं नेमली. पुरुषांचे कपडे आणि शर्ट हे त्यात होते. मंडळावर मालक आणि कामगार यांचे सारखे प्रतिनिधी. हाच नमुना डोळ्यांसमोर ठेवून १९०९ मध्ये ब्रिटननं तयार कपडे धरून चार धंद्यांसाठी असा कायदा केला.

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून इथे जरा थांबतो. कापडाची लांबी ही वस्तुस्थिती आहे. मजुरी तशी नाही, तो करार आहे. मेलबर्नच्या बायकांना हे नेमकं कळलं होतं. आम्ही किती कष्ट करतो ते मोजा, एवढंच त्या म्हणत नव्हत्या. दर लिहिताना आम्हीही तिथे असू, असं त्यांचं म्हणणं होतं.

विसाव्या शतकात करार मागे पडला आणि घड्याळ पुढे आलं. अमेरिकेत फ्रेडरिक टेलरनं स्टॉपवॉच लावून काम मोजण्याची पद्धत रुजवली. १९४८ मध्ये हाताच्या प्रत्येक हालचालीला ठरावीक वेळ देणाऱ्या तक्त्यांचं पुस्तक आलं. हात पुढे नेणे, वस्तू उचलणे, ठेवणे, सगळ्याला वेळ. कपड्यांच्या कारखान्यात त्यातूनच 'स्टँडर्ड मिनिट' रूढ झालं. शर्टाच्या रकान्यात आता मिनिटं आली, आणि मिनिट दिसायला सेंटिमीटरइतकंच निष्पाप दिसतं.

हिशेब करून बघू. समजा, एका शर्टाची २० मिनिटं. आठ तासांची ४८० मिनिटं, म्हणजे माणशी २४ शर्ट. पण दोरा तुटतो, मशीन बंद पडतं, नवीन डिझाइनवर हात बसायला दिवस जातात. म्हणून कागदावर कार्यक्षमता धरतात. खरेदीदारानं ८० टक्के धरली तर शर्टाला २५ मिनिटांचे पैसे मिळतात. कारखाना प्रत्यक्षात ५० टक्क्यांवर चालला तर शर्टाला ४० मिनिटं लागतात. मधली १५ मिनिटं कोणाची? ती कागदावर नसतात. ती जादा तासांत जातात, तासातासाला वाढणाऱ्या टार्गेटमध्ये जातात, कधी कारखान्याच्या इमारतीवरच्या खर्चातून कापली जातात.

हा कागद बांगलादेशात नीट पाहता येतो. १९७९ मध्ये तिथल्या देश गारमेंट्स या कंपनीनं आपली १३० माणसं शिकायला दक्षिण कोरियात देवू कंपनीकडे पाठवली. ती शिवण शिकून आली, तसा कारखान्याचा हिशेबही शिकून आली. पुढे त्यांच्यापैकी अनेकांनी स्वतःचे कारखाने काढले आणि धंदा पसरला. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा कोसळला आणि ११००हून अधिक माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावलं गेलं. त्या वर्षअखेरीस किमान वेतन ३००० टाक्यांवरून ५३०० झालं. २०२३ मध्ये कामगारांची मागणी २०,००० टाक्यांच्या वर होती, आंदोलनात माणसं मारली गेली, आणि ठरले १२,५००.

हे ठरवणारं बांगलादेशातलं मंडळही मेलबर्नसारखंच आहे. मालक आहेत, कामगार आहेत. मग फरक कुठे पडला? व्हिक्टोरियात बाहेरून येणाऱ्या कपड्यांवर जकात होती आणि कपडे तिथल्या तिथे विकले जात. वाढलेली मजुरी किमतीत घालता येई. ढाक्याच्या शर्टाची किंमत मात्र युरोप-अमेरिकेतला खरेदीदार ठरवतो, आणि त्या मंडळात त्याची खुर्ची नाही. टेबलाशी दोघं बसतात आणि तिसऱ्यानं लिहिलेल्या आकड्याच्या आतच भांडतात.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: मिनिट मोजण्याला विरोध नको. मोजमाप नसेल तर नगावर काम करणाऱ्या बाईला दादही मागता येत नाही. फक्त ती मिनिटं लिहिली जाताना शिवणारी आणि विकत घेणारा, दोघंही त्याच टेबलाशी हवेत. मेलबर्नमध्ये १८८२ साली मागितलेलं अजून अर्धंच मिळालेलं आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.