लोखंड वगळू नका

भरे हे आमचे आजोळ. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातले, पिरंगुटच्या बाजूचे गाव. तिथल्या जुन्या घराला आमच्याकडे सगळे 'वाडा' म्हणतात. वाडा म्हणण्याजोगे आता दोन पडके सोपे, एक गोठा आणि मागचे परसू एवढेच उरले आहे. बाकी सारी जागा भंगाराने भरलेली. फुटक्या बादल्या, रॉकेलचे डबे, मोडके फाळ, बैलगाडीच्या चाकांच्या गंजलेल्या धावा. तीन पिढ्यांनी काही टाकले नाही आणि काही जपलेही नाही.

या वाड्याबद्दल आम्ही लहानपणापासून दोन गोष्टी ऐकत आलो. पहिली, आमचा मूळपुरुष कोणा सरदाराबरोबर दूरच्या मुलखातून घोड्यावर बसून, तलवार लावून आला. दुसरी, वाड्यात कुठेतरी मोहरांचा हंडा पुरलेला आहे. पहिलीने खानदानाची इज्जत सांभाळली आणि दुसरीने भावाभावांत संशय पेरला. जागा विकून वाटण्या करायचे ठरले तेव्हा जेसीबी येण्याआधी एकदा शोध घ्यावा, असे सगळ्यांनाच वाटले. मामेभावाने कोणाकडून तरी धातू शोधण्याचे मशीन आणले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हीही शाळेतून मोकळे होतो.

हे मशीन म्हणजे काही जादू नव्हे. दांड्याच्या टोकाला तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वाहणारी वीज जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते. खाली धातू असला की त्यात बारीक प्रवाह फिरू लागतात, त्यांचे क्षेत्र वेटोळ्याला कळते आणि मशीन ओरडते. त्याला एक सोय असते, लोखंड वगळण्याची. ती चालू केली की खिळ्यामोळ्यांना मशीन गप्प राहते. अर्थात पहिल्या दिवशी आम्ही ती चालूच ठेवली. सोन्याच्या शोधात निघालेल्याला लोखंड कशाला हवे?

दिवसभरात सोड्याच्या बाटल्यांची झाकणे, एक पितळी कडी आणि मधोमध भोक असलेला एक पैसा सापडला. महायुद्धाच्या काळात तांबे वाचवावे म्हणून सरकारने १९४३ ते १९४७ या वर्षांत असे पैसे पाडले होते. पुढे खेड्यांत त्यांचा वायसर म्हणूनही उपयोग झाला. ओसरीवरून नानी विचारत होत्या, "सोना मिल्या क्या रे?"

दुसऱ्या दिवशी वैतागून ती सोय बंद केली. मग मशीन थांबेचना. गोठ्याच्या कडेला हात-दीड हात मातीत लोखंडच लोखंड. हाताने घडवलेले चौकोनी खिळे, आणि बैलाच्या खुराला ठोकायच्या पत्र्या. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, एका बैलाला आठ. काही झिजून कागदासारख्या झालेल्या, काही अगदी कोऱ्या. सोबत हातोड्याचे डोके आणि खूर तासायचे एक हत्यार. एका पत्रीखाली चिकटलेली एक शिवराई मिळाली. आदल्या दिवशी मशीन तिच्यावरून गेले होते. जवळच्या लोखंडाने तिचा आवाज झाकून टाकला होता. तलवार मात्र कुठेच नव्हती. हंडाही नव्हता.

बडे मामू बराच वेळ त्या ढिगाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ये तो नालबंदी का सामान है. बाहर मत बोलो, बच्ची के रिश्ते की बात चल रही है." तेवढ्यात नानी म्हणाल्या, "मेरे ससरे पत्र्या मारते थे. दूर दूर से बैलां आते थे. किसने पूछा मुझे?"

साठ वर्षे ही बाई त्या घरात होती आणि शजरा मात्र पुरुष सांगत होते!

वाचक हो, हा प्रश्न आमच्या एका घराचा नाही. आपल्या समाजात किती घरांचे मूळ अरबस्तानात, इराणात किंवा एखाद्या सरदाराच्या लष्करात सांगितले जाते! आणि नालबंद, पिंजारी, मुलाणी, मण्यार, शिकलगार हे शब्द किती हळू आवाजात उच्चारले जातात! आम्हीही इतिहासाला लोखंड वगळायची सोय लावून ठेवली आहे. मग सापडते काय? बाटल्यांची झाकणे.

पुणे जिल्ह्यातल्याच शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. त्याचा मोठा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर म. के. ढवळीकर आणि ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर झेड. डी. अन्सारी यांचेही नाव आहे. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी कसे राहत, काय खात, हे तिथे चुलींतून, धान्याच्या बळदांतून आणि खापरांतून कळले. ज्याला आपण केरकचरा म्हणतो, त्यातूनच.

वस्तू कुठे, कशाशेजारी सापडली, यालाही मोल असते. १९७४ साली दायमाबाद येथे छबू लक्ष्मण भिल यांना झाडाचे मूळ खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. ठेवा अमोल, पण शास्त्रीय उत्खननात थरासह न सापडल्यामुळे त्याच्या काळाविषयी विद्वानांत वाद झाला. उलट १९९२ मध्ये इंग्लंडच्या हॉक्सन गावी एरिक लॉज हे हरवलेला हातोडा मशीनने शोधत असताना त्यांना रोमन काळातील ठेवा लागला. त्यांनी पुढचे खणणे थांबवून अधिकाऱ्यांना कळवले. त्यात सुमारे १५ हजार नाणी निघाली, आणि तो साधा हातोडाही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आपल्याकडे कायदाही आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आम्ही त्या एका शिवराईसाठी साधा अर्ज लिहिला, तेव्हा सगळे हसले. हसू द्या. शिवराईवर देवनागरीत 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' अशी अक्षरे. पेशवाईतल्या अंकुशी रुपयावर मात्र फारसी मजकूर, मोगल बादशहाचे नाव आणि टाकसाळीचे नाव 'मुहियाबाद पूना'. नाणे पाडणे म्हणजे 'जर्ब'. आमच्या शाळेत हाच शब्द गुणाकाराला आहे, आणि मराठीतली 'जरब'ही तिथलीच. हे दोन्ही पैसे एकाच बाजारात चालत होते. पत्र्या मारणाऱ्याच्या हातात दोन्ही आले असतील.

याच तालुक्यात टाटांच्या धरणासाठी गावे पाण्याखाली जायची होती. त्याविरुद्ध १९२१ पासून मुळशी सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. धरण झालेच. त्या घरांचा गोठा, चूल, खिळा आता कोणी बघू शकत नाही. आमचा गोठा अजून कोरड्या जमिनीवर आहे, एवढे तरी नशीब आहे.

भंगारवाला किलोचा भाव सांगून गेला. आम्ही फक्त तुटके डबे आणि बादल्या दिल्या. पत्र्या, खिळे, हातोडा शाळेच्या वहीत नंबर घालून, कुठे आणि किती खोल सापडले ते लिहून ठेवले. वहीच्या पहिल्या पानावर नानींनी सांगितलेले नाव लिहिले, त्यांच्या सासऱ्यांचे, आणि पुढे धंदा: नालबंद.

रिश्त्याची बात अजून चालू आहे. पाहुणे आले की त्यांना गोठा दाखवायचा, असे आमचे म्हणणे. बडे मामूंनी अजून हो म्हटलेले नाही. पण परवा ते एक झिजलेली पत्री हातात घेऊन, अंगठ्याने माती पुसत, बराच वेळ बसले होते.